डोंगर चार मिनिटांत कळत नाही

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात एका वाडीच्या समितीतल्या बाईंनी केलेलं हे भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाडीवर मोठ्याने वाचून दाखवावे.)



मला सांगितलंय की दाव्यांच्या पडताळणीवर बोल. कायद्याची कलमं सांगणारे माझ्यापेक्षा जाणते इथं बसलेत. मी सातवीपर्यंत शिकलेली. म्हणून मी आधी एक प्रवास सांगते. आम्ही रायगडावर रोपवेने गेलो होतो, त्याचा. तुम्ही म्हणाल, जमिनीचं सोडून ही गडाचं काय सांगत बसली. थोडं ऐकून घ्या. आमच्या समितीने काय चूक केली ते मला त्या दिवशी गडावर कळलं. ती चूक तुमच्या वाडीत होऊ नये म्हणून सांगते.

मागच्या वर्षी हस्ताच्या पावसात गडाच्या पायथ्याला आपलं दोन दिवसांचं शिबिर होतं. शिबिर संपलं आणि पोरं म्हणाली, एवढं इथपर्यंत आलोय तर गड बघून जाऊ. आम्ही अकरा जण होतो. आमच्यात आमच्या वाडीतली म्हातारी होती. तिला सगळी वाडी आजीच म्हणते. तिच्या हिशोबाने सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. तरुणपणी डोक्यावर मोळी घेऊन दोनदा गड चढलेली. पायऱ्या चौदाशेहून जास्त आहेत. आता तिच्याने होणार नव्हतं. म्हणून पोरांनी पैसे काढले आणि म्हणाली, आजीला रोपवेने नेऊ. मलाही तिच्यासोबत बसवलं.

हा रोपवे 1996 साली सुरू झाला. खालचं ठाणं हिरकणीवाडीला आहे. तिथून कड्याच्या माथ्यापर्यंत लोखंडी दोर ताणलाय. दोराला ट्रॉल्या टांगलेल्या असतात. वरची खाली येते तेव्हा खालची वर जाते, विहिरीच्या रहाटावर दोन बादल्या असाव्यात तशी. चारशे मीटरहून जास्त उंची चार-पाच मिनिटांत चढून होते. पायऱ्यांनी धडधाकट माणसालाही दीड-दोन तास लागतात.

सकाळी आठला आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कडा समोर उभा, त्यावरच्या धारा पांढऱ्या दिसत होत्या. तिकीट हातात येईपर्यंत खालून दरीतून ढग वर आला आणि अर्धा कडा गेला. मग वारा सुटला. तिथल्या माणसाने ओरडून सांगितलं, वारा आहे, रोपवे थांबवलाय, वारा कमी झाला की सोडू. शहरातनं आलेली माणसं कुरकुरायला लागली. आम्ही खाली बसलो. आपल्याला पावसासाठी थांबायची सवय आहे. अर्ध्या तासाने वारा पडला आणि रांग हलली.

आमच्या ट्रॉलीत मी, आजी आणि शहरातलं एक जोडपं. समितीचा सचिव आणि बाकीची पोरं मागून. ट्रॉलीने हिसका दिला आणि पायाखालची जमीन सुटली. आजीने माझं मनगट असं पकडलं की संध्याकाळपर्यंत वळ होता. खाली झाडं भाजीच्या जुडीसारखी दिसायला लागली. मग आम्ही ढगात शिरलो. काचेच्या चारी बाजूंनी नुसतं पांढरं. दोराचा आवाज तेवढा येत होता. समोरची बाई डोळे मिटून बसली होती. कुणी बोलत नव्हतं.

मग एकदम ढग फाटला. ऊन पडलं. समोरच्या डोंगराचा अख्खा उतार दिसला, हिरवागार, ओला. त्या माणसाने फोन काढला आणि फोटो घेता घेता बायकोला म्हणाला, "बघ, किती सुंदर. सगळं जंगलच जंगल. माणसाची खूण नाही कुठं."

आजी म्हणाली, "नाय बाबा. ती नाचणी हाय."

तो म्हणाला, "कुठे?"

आजीने काचेला बोट लावलं. "ते बग, तो हिरवा रंग येगळा. त्याच्या खाली आडव्या रेघा दिसतात ना, ते ताल. दगडं लावलेत माती धरायला. तिथं उंबर ठेवलाय, म्हंजी पाणी आसंल. वर बग, गवताचा माळा हाय, रानडुकरं राखायला. आन ही तिरकी वाट. गुरांची नाय ही, बायांची हाय. गुरांची वाट अशी सरळ नसती."

तो माणूस बघत राहिला. आधी त्याला काही दिसेना. मग म्हणाला, "अरे हो, खरंच की!" तेवढ्यात ढग परत आला आणि सगळं झाकलं गेलं. माणूस चांगला होता. त्याने विचारलं, "आजी, तुम्हाला इतक्या लांबून कसं कळलं?" आजी म्हणाली, "त्याच्यावर प्वाट भरतं ना."

वर पोचलो. वर तर काहीच दिसेना. होळीच्या माळावर दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. एक वाटाड्या लोकांना माहिती सांगत होता, "समोर लिंगाणा, पलीकडे राजगड, तोरणा." आणि पन्नास माणसं पांढऱ्या ढगाकडे बघत माना हलवत होती. आम्ही हसलो. पण त्याचंही खरं होतं. तो तिथलाच. ढग असो नसो, लिंगाणा कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. ढगाने डोंगर झाकला म्हणून डोंगर तिथून हलत नाही.

दुपारपर्यंत आम्ही फिरलो. समाधीला डोकं टेकवलं, बाजारपेठ बघितली. परत रोपवेच्या ठाण्यावर आलो तर मेघ गडगडायला लागले. वारा असा की छत्री उलटी. रोपवे बंद. कधी चालू होईल सांगता येत नाही म्हणाले. सचिव आणि बाकीची पोरं पायऱ्यांनी उतरून गेली, त्यांना गाडी पकडायची होती. मी आणि आजी थांबलो. दोन तास.

तिथं बसल्या बसल्या पोरीबाळी हिरकणीची गोष्ट सांगत होत्या. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गवळण गडावर दूध घालायला गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं पोर, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि तिथं बुरूज बांधला, असं सांगतात. आजी ऐकत होती. मला म्हणाली, "पहारेकऱ्यांना काय वाटलं आसंल? हितनं वाट नाय. वरनं बगितलं तर कडाच दिसतो. तिला वाट ठावकी होती, कारण ती पायांनी फिरली होती."

मी मान हलवली. मग आजी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरी, यक इचारू? माजी जागा तुमी कवा बगितली?"

साथींनो, हा प्रश्न ऐकून माझं तोंड बंद झालं.

आता आजीच्या जागेचं सांगते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, नाल्यापलीकडे, आजीचा सासरा नाचणी-वरी करायचा. त्याच्या आधी त्याचा बाप. इंग्रजांच्या काळापासून आमच्याकडे कातकरी-ठाकरांना जंगलात कसायला जागा दिल्या, त्याला दळी म्हणतात. तुमच्यातल्या पुष्कळांच्या दळ्या आहेत. कागद कुणाकडे आहे, कुणाचा वाळवीने खाल्ला, कुणाचा सावकाराकडे गेला. आजीचा कागद गेलेला. तिने दावा टाकला दोन एकर पाच गुंठ्यांचा. मंजूर किती झाले? चौदा गुंठे. बाकीच्या जागेवर शेरा काय, तर उपग्रहाच्या चित्रात झाडी दिसते, शेती दिसत नाही.

आम्ही सगळे तेव्हा ओरडलो. साहेब लोकांनी वरून बघितलं, आमच्या म्हातारीची जमीन खाल्ली. सभेत मीसुद्धा बोलले, टाळ्या मिळाल्या. आणि त्या दिवशी गडावर आजी मला विचारते, "त्ये साहेब वरनं बगतात, त्ये मला ठावं. पण तुमी? तुमी तरी पायांनी आलता का?"

नव्हतो गेलो. हे कबूल करायला मी आज उभी आहे.

झालं काय होतं ऐका. आमच्या वाडीत एकतीस दावे होते. पडताळणी लागली ऐन पावसात. जवळच्या जागा आम्ही फिरलो. लांबच्या जागांना जायचं तर नाल्याला पाणी, जळवा, निसरडं. आणि लावणीचे दिवस, रोज बुडवायला कुणी तयार नाही. मग आम्ही काय केलं, शाळेच्या ओट्यावर बसलो, एकेकाला बोलावलं, विचारलं, पूर्वेला कोण? पश्चिमेला काय? लिहिलं आणि सही-अंगठे घेतले. लांबच्या अकरा जागांचे पंचनामे वाचले तर एकसारखे. पूर्वेस जंगल, पश्चिमेस जंगल, उत्तरेस नाला, दक्षिणेस वाट. आजीची नाचणी त्यात नव्हतीच. तिचे ताल नव्हते, खळं नव्हतं. मग वरच्या समितीसमोर एका बाजूला उपग्रहाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला आमचा ओट्यावरचा कागद. चित्राच्या विरुद्ध बोलेल असं आमच्या कागदात काय होतं? काही नव्हतं.

म्हणजे साहेबांनी वरून बघितलं आणि आम्ही ओट्यावरून. पायांनी कुणीच बघितलं नाही.

साडेचारच्या सुमाराला वारा पडला, रोपवे चालू झाला. उतरताना ऊन पडलं होतं. दरी अशी स्वच्छ की खालच्या कौलांचा धूर दिसत होता. पण माझं लक्ष नव्हतं.

परत आल्यावर आम्ही समितीची बैठक घेतली. सचिव पोरगा जीपीएसची मशीन चालवतो, हुशार आहे. तो म्हणाला, ताई, चित्र खोटं नसतं, पण ते काय दाखवतं ते आधी समजून घेतलं पाहिजे. त्याने समजावलं ते मी तुम्हाला सांगते.

चित्र एका दिवसाचं असतं. आपली शेती एका दिवसाची नसते. डोंगरउतारावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळे किंवा काही कडधान्य, आणि मग जमीन दमते म्हणून काही वर्षं टाकून ठेवतो. टाकलेल्या जमिनीवर कुडा, करवंद, ऐनाची पोरं उगवतात. तेव्हा वरून फोटो काढला तर झाडीच दिसणार. ती पड आहे, सोडलेली नाही. पुन्हा, आपण जागा साफ करतो तेव्हा सगळी झाडं तोडत नाही. आंबा ठेवतो, मोह ठेवतो, हिरडा, उंबर ठेवतो. राबासाठी फांद्या लागतात म्हणून ऐन ठेवतो. वरून बघणाऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो, बुडातली नाचणी दिसत नाही. आणि पावसाळ्यात तर नाचणीही हिरवी, जंगलही हिरवं. रोपवेतल्या त्या भल्या माणसाला डोळ्यांनी दिसेना, तर चित्राला काय दिसणार?

त्या माणसाला आजीने बोट दाखवलं म्हणून त्याला दिसलं. आपल्या समितीचं काम तेच. आजीचं बोट कागदावर उमटवायचं.

आणि हे आपण उपकार म्हणून मागत नाही, कायद्यातच आहे. 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो, हक्क ठरवायची सुरुवात ग्रामसभा करते. नियमांत लिहिलंय की वनहक्क समितीने दावेदाराला आणि वनखात्याला कळवून जागेवर जायचं, प्रत्यक्ष पडताळणी करायची, ओळखू येतील अशा खुणांसह नकाशा करायचा. जागेवर जायचं. ओट्यावर नाही. 2012 साली नियम दुरुस्त झाले तेव्हा त्यात हेही घातलं की उपग्रहाचं चित्र आणि तसली साधनं दुसऱ्या पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत. 2013 साली गुजरातच्या हायकोर्टातही हाच वाद गेला होता. तिथंही नुसत्या उपग्रहाच्या चित्रावर दावे फेटाळणं चालणार नाही, दुसरे पुरावे बघा, असं कोर्टाने सांगितलं. हे लक्षात ठेवा आणि कुणी चित्र दाखवून गप्प करायला लागला की हे सांगा.

पण नुसता नियम सांगून भागत नाही. चित्र एकटं चालणार नाही म्हणताना सोबत ठेवायला आपला पुरावा पाहिजे. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि एकापेक्षा जास्त पुरावे बघायला सांगितलंय. त्यात सरकारी कागद आहेत, पावत्या आहेत. पण जमिनीवरच्या खुणाही आहेत. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जागा. विहिरी, मसणवट, देवाच्या जागा. वंशावळ. आणि दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या म्हाताऱ्यांचं सांगणं, लिहून घेतलेलं. म्हणजे आपल्याकडे जे आहे तेच कायद्याने पुरावा मानलंय. आपणच ते लिहायला गेलो नाही.

मग दिवाळीच्या आधी आम्ही फेरी काढली. लोक भट्टीवर जायच्या आधी. ही वेळ महत्त्वाची. दिवाळी झाली की अर्धी वाडी कोळशावर आणि वीटभट्टीवर जाते, मग साक्षीला कोण? त्या अकरा जागा फिरायला पाच दिवस लागले. आजीला तिच्या नातवाने पाठुंगळी घेतलं आणि नाला ओलांडला.

आजीच्या जागेवर आम्हाला काय मिळालं ते सांगते. तालांच्या ओळी मोजल्या, नऊ भरल्या. सगळ्यात खालचा ताल मातीत गेलेला, त्याच्यावर मोहाचं झाड उभं, आणि मोहाचं खोड दोन माणसांच्या कवेत येत नाही. म्हणजे ताल त्या झाडाआधीचा. हे आम्ही जसंच्या तसं लिहिलं. खळ्याची जागा मिळाली, दगडी फरशीची. उंबराखालचं पाणी मिळालं. वरच्या कोपऱ्यात वाघोबाचा दगड, शेंदूर लावलेला, आणि त्याला कोंबडं कोण देतं, कधी देतं, ते शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने सांगितलं. त्याचा अंगठा घेतला. सचिवाने मशीन घेऊन चारी बाजूंनी चालून मोजलं. आजी मधे दगडावर बसून ओरडत होती, "तितनं नाय, अजून खाली, त्या कुड्याच्या पल्याड!" कोपऱ्यांवर दगड रोवले, चुना लावला.

आणि एक गोष्ट सांगते, ती लपवायची नाही. पायांनी गेलो तेव्हा खोटंही सापडलं. आमच्यातल्याच एकाने एक एकर जास्त सांगितलं होतं. जागेवर उभं राहिल्यावर ताल नाही, राब नाही, काही नाही. तो स्वतःच मान खाली घालून म्हणाला, "पोरांसाठी लिवलं व्हतं." आम्ही ती कमी केली, त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर. भांडण झालं का? थोडं झालं. पण आता आमचा कागद खरा आहे असं आम्ही कुणाच्याही डोळ्यांत डोळे घालून सांगू शकतो. एक खोटा दावा दहा खऱ्यांना बुडवतो.

मग अपील केलं. दावा फेटाळला किंवा कमी केला तर कारण लेखी मिळालं पाहिजे, दावेदाराला स्वतःला कळवलं पाहिजे, आणि कळल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. आजीला लेखी काहीच मिळालं नव्हतं, यादी फक्त भिंतीवर लावलेली. आम्ही आधी लेखी मागितलं, ते मिळाल्याची तारीख लिहून ठेवली आणि मग अपील टाकलं. सुनावणी झाली. तिथं मी आजीचा नवा पंचनामा वाचला. पहिल्यांदाच कुणी चित्र बाजूला ठेवून आमचा कागद हातात घेतला. निकाल अजून यायचा आहे. काय येईल सांगता येत नाही. पण या वेळी कागद मुका नाही.

हे सगळं कशासाठी, तर फेटाळलेला दावा म्हणजे नुसता कागद नसतो. 2019 च्या फेब्रुवारीत 13 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं होतं की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा. देशभर गोरगरीब रस्त्यावर आले, सरकारलाही कोर्टात जावं लागलं आणि 28 तारखेला तो आदेश थांबवला. ते पंधरा दिवस आमच्या वाडीत कुणी धड जेवलं नाही. आजी रोज विचारायची, "मला काडतील का गं?" कायदा म्हणतो, पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हलवता येत नाही. पण पडताळणी कच्ची झाली तर पुरी झाली असं म्हणायला कुणाला वेळ लागत नाही.

आता थोडक्यात, वाडीवर जाऊन काय करायचं.

पहिलं, प्रत्येक जागेवर समितीने चालत जायचं. दावेदार सोबत, शेजारी सोबत, एक तरी म्हातारं माणूस सोबत. वनखात्याला आधी लेखी कळवायचं, पोच घ्यायची. त्यांचा माणूस आला तर त्याची सही, हुद्दा, तारीख.

दुसरं, एक जागा दोन वेळा बघा. एकदा पीक उभं असताना, म्हणजे हस्त-चित्रात, आणि एकदा उन्हाळ्यात गवत वाळल्यावर. पावसाळ्यात पीक दिसतं, उन्हाळ्यात ताल दिसतात. दोन्ही लिहा.

तिसरं, पंचनाम्यात "जंगल" एवढंच लिहू नका. कुठलं झाड, किती जुनं, ताल किती, खळं कुठं, पाणी कुठं, देव कुठला. पड टाकली असेल तर कधीपासून, आणि त्याआधी काय पिकवलं. वाचणाऱ्याला ती जागा डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. दोन पंचनामे सारखे दिसले की समजा, कुणीतरी ओट्यावर बसून लिहिलेत.

चौथं, म्हाताऱ्यांचं सांगणं आजच लिहून घ्या. उद्यावर टाकू नका. ती माणसं गेली की त्यांच्याबरोबर पुरावा जातो.

पाचवं, जे कसत नाही ते लिहू नका.

सहावं, फेरी भट्टीच्या आधी पुरी करा.

रोपवेला मी नावं ठेवत नाही, साथींनो. रोपवे नसता तर आमची आजी पुन्हा कधी गडावर गेली नसती. लंगडं माणूस, म्हातारं माणूस वर जातं ही चांगलीच गोष्ट आहे. चार मिनिटांत वर जाऊन, ढग फाटेल तेवढा वेळ डोंगर बघून, सुंदर आहे म्हणणाऱ्याचंही काही चुकत नाही. डोंगर सुंदर आहेच. पण तेवढ्या बघण्यावर कुणी म्हणू लागला की तिथं माणूस नाही, तर तिथं आपण बोलायला पाहिजे. रोपवेत बसून सातबारा लिहू नये. उपग्रहातनं बघून लिहू नये, आणि शाळेच्या ओट्यावर बसून तर अजिबात लिहू नये.

आजी आज इथं आलेली नाही. गुडघे दुखतात आणि नाचणी कापायला आली आहे. येताना मला म्हणाली, "सांग त्यास्नी, पायांनी जा म्हणावं." ते सांगितलं. आता परवापासून आपापल्या डोंगरावर निघा.

जिंदाबाद!